राजिवड्याचं फ्रेंच

रत्नागिरी,
२ जून

ती. सौ. वन्संना,

मथुराचा वाकून नमस्कार (कमरेला पट्टा आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढाच समजावा). तुमचा गुडघा कसा आहे? भावजींची साखर आटोक्यात आली का? चि. शुभंकरला बंगळूरला नोकरी लागल्याचं तुमच्या स्टेटसवर वाचलं. आनंद झाला. आम्हांला वेगळं कळवलं नाहीत, पण स्टेटस सगळ्यांसाठीच असतं, त्यात आम्हीही आलोच. तुमचे बंधू ठीक आहेत. दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपांचा ढीग आहे आणि ते त्या ढिगाकडे बघत चहा पितात. फोनवर माझी तीन वाक्यं झाली की चौथं तुम्ही बोलता, आणि लांब मेसेजला तुमचे जोडलेले दोन हात येतात, म्हणून पत्र लिहिते आहे. आमच्या ऋतिकाच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "बाकी ठीक आहे गं, पण फ्रेंचमध्ये एवढे कमी कसे?" तेव्हा मी "कुकरची शिट्टी झाली" म्हणून फोन ठेवला. शिट्टी झाली नव्हती. उत्तर लांब होतं. ते आता देते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तुम्ही आठ दिवस आमच्याकडे होतात. तेव्हा फणसाचे गरे खाता खाता सांगितलंत की मराठीत पोरांनी जीव ओतला तरी सत्तरच्या वर कोणी देत नाही, आणि आमच्या शुभंकरला फ्रेंचमध्ये अठ्ठ्याण्णव. हा आकडा आठ दिवसांत किती वेळा कानावर आला ते मी मोजलं नाही, पण तुम्ही गेल्यावर माझा मिक्सरसुद्धा अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव असा फिरायचा. झालं. ऋतिकाचं मराठी सुटलं आणि फ्रेंच लागलं.

अकरावी बरी गेली. समर्थ सर नावाचे एक तरुण शिक्षक होते, फ्रेंचच्या तासाला चारच विद्यार्थी, आणि सर इतके मन लावून शिकवायचे की ऋतिका घरी आमटीलासुद्धा फ्रेंचमध्ये धन्यवाद म्हणायची. बारावीच्या ऑगस्टमध्ये सरांना पुण्यात कंपनीत नोकरी लागली. (फ्रेंच येणारा माणूस रत्नागिरीत कशाला राहील, हे आम्हांला आधी सुचायला हवं होतं.) कॉलेजने फळ्यावर सूचना लावली की नवीन शिक्षक लवकरच येतील. ती सूचना निकालापर्यंत फळ्यावरच होती. पावसाने तिची शाई उतरली, तरी शिक्षक आले नाहीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सराव परीक्षा झाली. ऋतिकाला ऐंशीपैकी एकोणीस. त्यांतले दोन-तीन तर नाव नीट लिहिल्याचेच असावेत. तोंडी परीक्षेला अडतीस दिवस होते आणि लेखीला त्यानंतर दहा. पोरगी रडली नाही. पेपरची घडी घालून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "ऑफिसात वाच." मी भूमी अभिलेखात कारकून आहे, दिवसभर लोकांच्या जमिनींचे नकाशे बघते, पण त्या दिवशी मला एकही हद्द दिसेना.

आधी तुमच्या बंधूंनी कंबर कसली. फोनवर एक अ‍ॅप घेतलं आणि बापलेक मिळून शिकू म्हणाले. त्यांचा हिशोब सरळ होता: मराठीत लिंगं तीन, फ्रेंचमध्ये दोनच, म्हणजे एक तृतीयांश काम आधीच कमी. अ‍ॅपने त्यांना चार दिवस मांजराला दूध पाजायला लावलं. पाचव्या दिवशी आकडे आले. फ्रेंचमध्ये अठ्ठ्याण्णव म्हणायचं तर चार विसा, दहा आणि आठ असं म्हणावं लागतं, हे कळल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, "मथुरा, ह्या लोकांना पंप विकणं कठीण," आणि दुकानात निघून गेले. त्यांचं फ्रेंच तिथे संपलं.

मग तुमच्या शब्दाखातर शुभंकर दर रविवारी अकराला ऑनलाइन शिकवायला लागला. मी उपकार विसरणारी नाही, म्हणून सगळं लिहिते. पहिल्या रविवारी त्याने हमखास येणाऱ्या प्रश्नांची चाळीस पानं पाठवली आणि पाठ कर म्हणाला. दुसऱ्या रविवारी त्याचा कॅमेरा बंद होता, मागे कुणीतरी पोहे मागत होतं. तिसऱ्या रविवारी ऋतिकाने एका वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "दादा, ह्याचा अर्थ काय?" त्याने ते पान पुढेमागे सरकवलं. मग म्हणाला, "अर्थ परीक्षेत येत नाही." तिने विचारलं, "तुला येतो का?" तर त्याचं नेटवर्क गेलं. वन्सं, त्या मुलाला अठ्ठ्याण्णव मिळाले ते खरेच मिळाले, मी शंका घेत नाही. पण मला त्या क्षणी असं वाटलं की आपण दोन वर्षं ज्या दिव्याकडे बघून चालत होतो तो कुणीतरी बंद करून झोपायला गेलंय.

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते. ऋतिकाच्या वर्गात खाडीकाठच्या राजिवड्याची उमैमा आहे. तिने नोव्हेंबरातच आमच्या घरी बसून सांगितलं होतं, "काकी, माझ्या आजोबांना फ्रेंच येतं. ते फ्रेंच कंपनीच्या जहाजावर एकवीस वर्षं स्वयंपाकी होते." मी हसून म्हटलं होतं, "अगं, बोर्डाची परीक्षा आहे, फोडणी नाही घालायची." पोरगी लाडू अर्धा ठेवून उठली. (ती स्वतः मराठी घेऊन बसली होती. तिला मराठीत शहाऐंशी पडले. सत्तरच्या वर कोणी देत नाही ना, म्हणून मुद्दाम लिहिते.) जानेवारीत मी त्याच मुलीला रस्त्यात गाठून विचारलं, "आजोबा घरी असतात का गं?" तिने मला त्या लाडवाची आठवण करून दिली नाही. तेच जास्त लागलं.

उमैमाचे आजोबा, करीमचाचा, खाडीकडे तोंड करून ओसरीत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, हातावर भाजल्याचे जुने डाग. ऋतिकाने पुस्तक उघडलं. ते म्हणाले, "बाय, पुस्तक ठेव. भूक लागली हाय, असा सांग बघू." तिने आधी भूक या शब्दाचं लिंग सांगितलं. "लिंग नको गो, भूक सांग." तिला सांगता येईना. दीड वर्ष भाषा शिकलेल्या मुलीला भूक लागल्याचं सांगता येईना, आणि मी शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

तिथून ती रोज कॉलेज सुटल्यावर जायला लागली, आणि मी ऑफिसातून परस्पर. चाचा तिला मासे साफ करायला बसवत आणि फ्रेंचमध्ये बोलत. सौंदाळा, बांगडा, कोलंबी, सुरी, खवले, आटप लवकर, इतकं मीठ कोण घालतं. माझं तोंड आंबट झालं. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत खवले कुठे असतात? एक दिवस मी म्हटलंच, "चाचा, व्याकरणाचं जरा बघा ना." ते शांतपणे म्हणाले, "बाई, माका वाचता येत नाय." एकवीस वर्षं ज्या भाषेत माणूस जगला, तिचं एक अक्षर त्याला ओळखता येत नव्हतं. मला वाटलं, संपलं. पण चाचा उठून आत गेले आणि मिक्सरचं रिकामं खोकं घेऊन आले. त्यात अकरा पत्रं होती, पाच फोडलेली आणि सहा तशीच. त्यांच्याबरोबर जहाजावर काम केलेला रेमों नावाचा दुसरा स्वयंपाकी होता, त्याची. चाचा घरी परतल्यावर तो दर दोन वर्षांनी लिहायचा. "वाचून कोण दाखवणार? पयली फोडली, मग फोडायची पण सोडली. तू अक्षरं वाच, मी सांगतो काय बोलतोय तो."

वन्सं, हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. ऋतिका अक्षर न् अक्षर उच्चारायची, चाचा कपाळ धरायचे, "असा कोण बोलत नाय, परत वाच," मग एकदम हात वर, "बोकू! बोकू म्हणतोय तो, लय, पुष्कळ!" आठ अक्षरांचा शब्द, त्यातली निम्मी फुकटची. असं करत करत एका संध्याकाळी एक पत्र सरायचं. तिला वाचता येत होतं पण कळत नव्हतं, त्यांना कळत होतं पण वाचता येत नव्हतं. दहा दिवसांत तिचे उच्चार असे वळले की रस्त्यावरून जाणारे थांबून ऐकायचे. चौथ्या पत्रात रेमोंने विचारलं होतं, की शेवटच्या सफरीत सूपमधल्या मिठावरून मी तुला बोललो, म्हणून रागावून उत्तर देत नाहीस का? चाचा इतके हसले की सून पाणी घेऊन बाहेर आली. पाचव्या, सहाव्या, सातव्या पत्रातही तेच: करीम, अजून रागावला आहेस का? तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

अकरावं पत्र त्याच्या मुलीचं होतं. ऋतिकाने पहिली ओळ वाचली आणि थांबली. ह्या वेळी तिला न विचारता कळलं होतं. वडील मार्चमध्ये गेले. आजारपणात तुमचं नाव घ्यायचे. पत्रावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची. चाचांनी ते तिच्या हातातून घेतलं, उलटं धरून बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "रागावलो नव्हतो गो." मग मला म्हणाले, "उद्या पोरीला वेळेवर धाडा. परीक्षा हाय तिची."

तोंडी परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी कागदावरून वाचून ऋतिकाला गावाचं वर्णन करायला सांगितलं. अपेक्षा पाच ओळींची. आमची मुलगी चार मिनिटं बोलली: धक्का, होड्या, लिलाव, ओसरी, मिठावरून भांडलेले दोन म्हातारे. मॅडम दोनदा "हळू" म्हणाल्या, मग पेन खाली ठेवून मराठीत विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं आहे?" ही म्हणाली, "राजिवड्यातलं." किती गुण दिले देव जाणे. लेखीत मित्राला सुट्टीत गावी बोलावणारं पत्र होतं, शब्दमर्यादा शंभर. हिने तीन पानं लिहिली आणि व्याकरणाचे दहा गुणांचे प्रश्न तसेच सोडून आली. मी रस्त्यातच ओरडले. ती म्हणाली, "आई, शंभर शब्दांत कसं बोलवायचं कोणाला?" बोर्डाने शंभरपैकी बावन्न दिले. चारपैकी उरलेल्या तिघांनी शुभंकरची चाळीस पानं पाठ केली होती (ऋतिकानेच वाटली होती). त्यांना ऐंशीच्या पुढे. त्यांतल्या एकालाही भूक लागलेली सांगता येत नाही, पण त्यांची ॲडमिशन झाली. पुण्याच्या ज्या कॉमर्स कॉलेजसाठी हा सगळा खटाटोप, त्याची यादी आमच्या आकड्याच्या फार वर बंद झाली.

तर एवढे कमी कसे, ते असे. आता तुम्ही नातेवाइकांत सांगाल ते सांगा, पण निदान पूर्ण सांगा. भावजींना नमस्कार. पावसात गुडघ्याला ऊब द्या.

तुमची,
मथुरा

ता. क. ऋतिकाने कॉमर्सचा नाद सोडला आहे. तिला बी. ए.ला फ्रेंच घ्यायचं आहे, आणि पुण्यात ते तिच्या गुणांत मिळतंय. चाचांच्या वतीने तिने रेमोंच्या मुलीला लिहिलं होतं, तिचं उत्तर एप्रिलमध्ये आलं. तेव्हापासून दुसरं काही ऐकायला तयार नाही. हॉस्टेलचा भरवसा नाही. पुण्यात तुमच्या घरी शुभंकरची खोली आता रिकामीच असेल. १४ तारखेला आम्ही तिला घेऊन येतो आहोत. तीन वर्षांचा प्रश्न आहे. नाही म्हणायचं असेल तर पत्रानेच म्हणा, फोनवर मला ऐकवणार नाही.

ता. क. २. पत्र चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. त्या मे महिन्यात तुम्ही शुभंकरचे गुण सांगितलेत हे खरं, पण शेवटी "तिला आवडेल तेच घेऊ दे गं" असंही म्हणाला होतात. ते मी वर लिहिलं नाही. ऋतिकाने अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मराठी असंच लिहिलं होतं. ती झोपाळ्यावर मैत्रिणीशी बोलत होती तेव्हा मी त्यावर रेघ मारून फ्रेंच लिहिलं, आणि तिला सांगितलं की आत्याने आग्रह केला. दोन वर्षं ती तुमच्याबद्दल जे बोलली ते मी ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही. काल बॅग भरताना ती म्हणाली, "आई, रेघ तुझ्या हातची होती, मला त्याच दिवशी कळलं होतं. आता मी आत्याकडे तीन वर्षं राहणार आहे. आधी तिला खरं लिही." मी वरची पाच पानं लिहून तिला वाचायला दिली. तिने वाचली आणि परत दिली. म्हणाली, "हे नाही."