अंडं बंद, कोलंबी बंद

१६ जुलै १९७५
ह्यांच्या रक्तात चरबी! डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल. काडीसारखा माणूस, आणि छातीत दुखतं ते चरबीने म्हणे. "सांभाळलं नाही तर हार्ट-अटॅक." असं सरळ तोंडावर सांगतात? घरी आल्या आल्या अंडी शेजारी देऊन टाकली.

१८ जुलै
अंडं बंद, कोलंबी बंद, डालडा बंद. हे ताटात पडेल ते जेवतात. सासूबाई कुरकुरतात — "पोराला उपाशी मारतेस काय गो, पुष्पे?" मारत नाहीये, वाचवतेय.

१० ऑगस्ट
श्रावण लागला. देवाचं आणि डॉक्टरचं एकदमच पाळलं जातंय.

६ सप्टेंबर
पुन्हा रक्त तपासलं. होतं तेवढंच — उलट किंचित वर! मी इथे पडवळ-भोपळा रांधतेय, मग आलं कुठून? कुणीतरी चोरून खायला घालतंय. आणि दोन पोरं सोडली तर घरात दुसरं आहे कोण?

७ सप्टेंबर
सासूबाईंच्या हातावर मीठ ठेवलं. ह्यांच्यादेखत. मिठागरवाल्यांच्या ह्या घरात मीठ हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी त्याला काय न्हाय दिलं." मी म्हटलं, मग काय आभाळातून पडलं? त्यांनी ते मीठ पदरात बांधलं आणि लेकीकडे राई गावाला निघून गेल्या. हे माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. जगा म्हणजे झालं.

९ सप्टेंबर
गणपती बसले. सासूबाईंविना.

१२ सप्टेंबर
डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "बाई, हे नुसतं ताटातून येत नाही. लिव्हर स्वतः बनवतं. खाण्यातून कमी आलं की जास्त बनवतं, जास्त आलं की हात आखडतं. ह्यांच्या अंगात ते नीट होत नाहीये." म्हणजे अंगातच तयार होतं? आणि मी चुलीवर पहारा देतेय, म्हातारीवर आळ घेतेय!

मग डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "वडील कशाने गेले?" हे म्हणाले, ऐन तरणेपणी, मिठागरात. छातीत कळ आली आणि तिथेच आडवे झाले. गाव म्हणालं, ऊन लागलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काही घराण्यांत रक्तातूनच येतं. मुलांचंही तपासून घ्या." औषध दिलंय. पथ्य चालूच ठेवायचं.

१३ सप्टेंबर
राईला जाऊन सासूबाईंचे पाय धरले. "ऊठ. घरी गनपतीला निवद कोन दाखवतंय?" म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

२२ सप्टेंबर
मुलांचे रिपोर्ट आले. सदूचा चांगला आहे. आशाचा बापासारखा. सात वर्षांची पोर! सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला मांडीवर ओढून घेतलं. तिला खेळायला जायचं होतं.