‘सावली’ने आम्हाला विचारायला हवं होतं

प्रिय दादा,

‘प्रिय’ नुसतं सवयीने लिहिलंय. तुला काही लिहायचंच नव्हतं मला. पण काल तुझा मित्र मिलिंद आला, तू फासे ठेवायचास तो बिस्किटांचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “सुनीताताई, रविवारचा खेळ आता तुम्ही खेळवा. ‘सावली’ बोलल्याशिवाय आमची मोहीम संपायची नाही.”

तुझा आवाज मी काढायचा? डबा खिडकीतून फेकावासा वाटला!

एव्हरशाईन कॉलनीतल्या तुझ्या हॉलमध्ये दर रविवारी चहा-खारी घेऊन, फासे टाकत, गोष्ट रचत आपण अंतराळात जायचो. आम्ही एका खटारा मालवाहू यानाचे खलाशी आणि तू बाकीचं सगळं विश्व, बाकी सगळ्यांचे आवाज तूच काढायचास. त्यातही तुझा लाडका तो ताफा. स्वतःच्या बुद्धीने चालणाऱ्या युद्धनौका, आत एकही माणूस नाही, पण माणसांवर जीव टाकणाऱ्या. त्यांची म्होरकी ‘सावली’. तोफेच्या एका गोळ्यात चंद्र फोडेल, आणि आम्हाला विचारणार काय? “बाळांनो, जेवलात का?”

“हो गं आई, खारी खाल्ली!” मिलिंद ओरडायचा. सगळे हसायचे. मला मात्र तिचा राग यायचा. इतकं चांगलं कोणी असतं का रे?

आणि तो रविवार. आम्ही खलाशी झोपेत असताना तुझ्या ताफ्याने चंद्रामागे अख्खं युद्ध लढलं. निम्म्या नौका जळाल्या. आम्हाला कळलं ते तुकडे तरंगत आले तेव्हा. ‘सावली’ म्हणाली, “तुमची झोप मोडली असती.” मिलिंदने डोळे पुसले. मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला.

“आम्हाला विचारलं असतंत तर आम्ही आलो असतो!”

“तुमच्या त्या डबड्यातून?” तू हसलास. “सुनू, त्या भल्या आहेत गं. सांभाळतात. सांगत बसत नाहीत.”

तेव्हा तुझ्या पोटात गाठ होती. तुला माहीत होती!

मला कळलं ते तुझ्या तोंडात नळी असताना. एवढा बडबड्या माणूस, आणि भांडायला गेले तर उत्तर देता येत नव्हतं तुला. नुसता माझा हात दाबलास. त्याचा अर्थ मी काय घ्यायचा होता? झोप मोडली असती?

तू गेल्यावर वहिनीला विचारलं तर ती माझ्यावरच उसळली. “शपथ घातली होती ह्यांनी. तुम्हाला काय, तुम्ही आता रडताय. मी हसऱ्या तोंडाने खारी वाढत होते तुम्हाला.” तिचंही खरं आहे. तिला एकटीला त्या युद्धात उभं केलंस, दादा. हा कुठला भलेपणा?

मी तुला बरं केलं नसतं, कळतं मला. पण डॉक्टरांकडे बाकावर शेजारी बसले असते. तुला एकदा चिंचोटीला घेऊन गेले असते, धबधब्याखाली तू बोंबलला असतास. एखाद्या रविवारी तरी मुद्दाम तुझ्याकडून हरले असते.

मिलिंदला म्हटलं, मी ताफा बुडवून टाकेन. तो डबा तसाच ठेवून म्हणाला, “बुडवा. पण आम्ही टेबलाशी असताना बुडवा.”

म्हणून रविवारी येणार आहे मी. वहिनीलाही खुर्ची देणार, स्वयंपाकघरात जाऊ देणार नाही. ‘सावली’ पुन्हा विचारेल, जेवलात का. तेवढं तुझं राहू दे. मग स्वतःवरचे सगळे दिवे लावून ती जळालेल्या नौकांची नावं घेईल, आणि तू तिला कधी बोलू दिलं नाहीस ते बोलेल: “बाळांनो, मला लागलंय. भीती वाटते. तुमचं डबडं घेऊन येता का?”

तुला माफ केलेलं नाही. पण वचन देते, त्या टेबलावर ह्यापुढे कोणी एकटं लढणार नाही. आम्ही ते डबडं घेऊन निघतो की नाही, बघच.

रागातच,
तुझी सुनू