चष्मा परत ठेवला नाही

शिरवणे, सोमवार

अहो शालोमचे पप्पा,
सलाम.

आज दफनभूमीत तुमची कबर उघडली. इथे जागा कमी, म्हणून काही वर्षांनी अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात. मातीतून तुमचा जाड भिंगांचा चष्मा निघाला. दफनाच्या दिवशी मीच तो गुपचूप शवपेटीत ठेवला होता, कोणाला सांगितलं नव्हतं. देव सगळं नवं करणार, असं दर रविवारी प्रार्थनेत मी म्हणायचे आणि तुम्हाला मात्र जुन्याच डोळ्यांनी उठवायला निघाले होते!

चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "रत्नमालाबाई, हा अस्थींबरोबर ठेवायचा ना?"

म्हटलं, "नको. आता त्यांना लागणार नाही."

देव सगळ्यांना उठवेल त्या दिवशी मला लांबूनच ओळखा हं. माझेही गुडघे नवे असतील, धावत येईन.

तुमचीच,
रत्नमाला