मालन यायच्या आत सिंक

शिंगणापूर, शुक्रवार, सकाळचे साडेअकरा

मच्छिंद्रदादांना सहादेवचा घाईतला, पण मनापासूनचा नमस्कार.

तुमची तब्येत, आईंचे गुडघे, निकिताची बारावी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण ही चिठ्ठी घेऊन तुमच्याकडं येणारा आदिनाथ टेम्पो चालू ठेवून बाहेर उभा आहे आणि दर मिनिटाला हॉर्न देतोय. फोन सोडून चिठ्ठी का, ते ऐका. सध्या श्रीरामपुरात तुमचा फोन वाजला की तुमच्या आधी तुमची बहीण मालन उचलते, आणि व्हॉट्सॲप निकिता आपल्या आत्याला मोठ्यानं वाचून दाखवते. हे पत्र मालनच्या हाती पडलं तर मी संपलो, दादा.

झालं असं, की मी स्वयंपाकघरातलं सिंक काढलं. (हो, मीच. बसून घ्या.) नगरच्या डॉक्टरांनी मालनला वाकायचं बंद करा म्हणून सांगितलंय, ते तुम्हाला माहीत आहे. आमचं सिंक माझ्या आईच्या बेतानं बसवलेलं, आणि आई होती जेमतेम साडेचार फूट. अठरा वर्षं मालन त्यात वाकून भांडी घासतेय आणि अठरा वर्षं मी ‘बघू’ म्हणतोय. याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मंगळवारी ती तुमच्याकडं निघाली तेव्हाच ठरवलं, रविवारी परत येईल तेव्हा उंचावरचं नवं सिंक दिसलं पाहिजे. प्लंबर कशाला? आठ एकरांत ठिबक मी स्वतः पसरलंय. (गेल्या वर्षी मी मिक्सर दुरुस्त केला तेव्हा ती म्हणाली होती, पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात पान्हा दिसला तर माहेरी जाईन ती परत येनार न्हाई. आणि आत्ता ती माहेरीच आहे, हे ध्यानात घ्या.)

जुन्या सिंकखाली पाइपाला एक वाकडा बाक निघाला, त्यात काळं पाणी साचलेलं. मी म्हटलं, कुण्या अडाण्यानं हे केलं? उतारच दिला नाही! बाक उकिरड्यावर फेकला, नवं सिंक विटांवर चढवलं, शेतातला पाइप सरळ मोरीच्या भोकात सोडला आणि सांधे सोल्युशननं असे चिकटवले की घर पडेल, पण सांधा हलणार नाही. पाणी ओतलं, सुर्रकन गेलं. दोन मिनिटं मी राजा होतो. मग गटारीचा वास वर आला, आणि वासामागून झुरळं, शनिअमावस्येच्या रांगेसारखी.

आमच्या घराला दार नाही याचा एरवी मला अभिमान, पण काल वास पडद्याबाहेर गेला आणि आख्खी आळी पडद्याआत आली. शेजारच्या लंकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “भाऊ, त्या बाकातल्या पान्यानंच वास अडतो. एवढंबी म्हाईत न्हाई व्हय?” लंकाबाईंना गप्प राहायची शपथ घातली. (त्यांनी ती पुढं पाच जणींना घातली.) मग उकिरडा उपसून बाक आणला आणि चिकटलेला पाइप करवतीनं कापायला बसलो. कापता कापता विटा ढासळल्या आणि सिंक माझ्या पायावर आलं. अंगठा काळानिळा आहे, पण तो विषय नाही.

आता सिंकखाली लोखंडी स्टँडच पाहिजे. करण वेल्डर आज करून देतो म्हणाला. उद्या शनिवार, लोखंड घरात आणता येत नाही. परवा चारच्या एसटीनं मालन हजर. म्हणजे जे काय व्हायचं ते आज. जीव टांगणीला लागलाय, दादा.

आईंना नमस्कार, निकिताला आशीर्वाद.

तुमचा दाजी,
सहादेव

ता. क. – तिला मंगळवारपर्यंत ठेवून घ्या, असं लिहिणार होतो. नको. ती नसली की घर खायला उठतं. रविवारीच पाठवा.

ता. क. २ – खरं काम हे. करणनं स्टँडची उंची विचारली. मी माझ्या कमरेचं माप दिलं, तर हसून म्हणाला, भांडी तुमी घासता का? वहिनींचं कोपर जमिनीपासून किती वर येतं ते सांगा. दोन्ही बोअरची खोली मला फुटांत पाठ आहे. हे नाही सांगता आलं. मान खाली घालून घरी आलो. तेवढं गुपचूप मोजून आकडा आदिनाथजवळ द्या, तो पाचला परत येतो. आणि मोजताना ती ताठ उभी आहे ना, ते नीट बघा. मी तिला वाकलेलीच बघत आलोय.