शेवटच्या ओळीतलं शून्य

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्टुडिओचा कॉम्प्युटर मेला. लाइट गेली, आली, परत गेली आणि हार्ड डिस्क खर्रखर्र करून बसली. मिलिंदभाऊजींचा फोन आला तेव्हा माझा नववीचा तास चालू होता. "वहिनी, टेन्शन नाही ना? तुमच्या घरी सगळी कॉपी आहे." म्हटलं, आहे. ऐटीत म्हटलं. रोज रात्री आमचा जुना लॅपटॉप स्टुडिओतले फोटो ओढून घरच्या डिस्कवर ठेवतो, ती स्क्रिप्ट माझीच. काम झालं की तिघांच्या ग्रुपवर हिरवी टिकली. बिघडलं की लाल, सोबत आकडा. तिघं म्हणजे मी, हे आणि यांचे धाकटे बंधुराज. डिसेंबरपासून रोज हिरवी.

संध्याकाळी डिस्क उघडली. रेणू पागेचं लग्न नाही. गेल्या आठवड्यातलं लग्न, अल्बम व्हायचाय, आणि फोल्डरच नाही. परत पाहिलं. नाही.

जेवले नाही.

१३ फेब्रु., शुक्र.

मि.भा.नी (आजपासून एवढंच, पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही) कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच पुसलीत. स्टुडिओची रीतच ती. हिरवी टिकली दिसली की कार्ड पुसायचं आणि पुढच्या लग्नाला लावायचं. "हिरवं तुम्हीच पाठवता वहिनी. मी फक्त विश्वास ठेवला." विश्वास! जन्मात एकदा ठेवला, तो नेमका या लग्नाला.

कारण सापडलं. फोल्डरचं नाव होतं 'पागे 11:52'. मुहूर्त! सीझनमध्ये एका दिवशी दोन-दोन शर्मा, दोन-दोन तिवारी, म्हणून मि.भा. नावापुढे मुहूर्ताची वेळ टाकतात. मधे ती दोन टिंबं. त्यांच्या कॉम्प्युटरला चालतात, आमच्या डिस्कला चालत नाहीत. असा फोल्डर ती घेतच नाही, सोडून पुढे जाते. बाकीची टिंबवाली लग्नं पार्टीला देऊन झालीत, म्हणून वाचलो. पागेंचं तेवढं राहिलं.

नोव्हेंबरात सांगितलं होतं मी. टिंबांच्या जागी आडवी रेघ द्या, बस. उत्तर काय? "मुहूर्त गुरुजी काढतात वहिनी, त्यात मी रेघा मारू?" सगळे हसले. हेही हसले.

पण मग लाल का नाही आलं? नोव्हेंबरात यायचं की. 23. म्हणजे थोडं गेलं, थोडं राहिलं. 23 आला की मी फोन करायची, ते तडकायचे, मी दुप्पट तडकायची. मग ते लाल बंद झालं. मला वाटलं, सुधारला माणूस. मूर्ख मी.

१४ फेब्रु., शनि.

टिंबवाला एक खोटा फोल्डर केला, कॉपीची कमांड हाताने चालवली. 23. चोख. म्हणजे कमांड बोंबलतेय आणि स्क्रिप्ट सांगतेय, सब बढ़िया.

वर्गात घसा फोडून सांगते मी. कमांड पडद्यावर काय बडबडते ते राहू द्या, जाताना मागे कुठला आकडा ठेवून गेली ते विचारा. शून्य म्हणजे ठीक. बाकी कुठलाही म्हणजे काहीतरी आहे, जाऊन बघा.

स्क्रिप्टची फाइल उघडली. सगळ्यात खाली एक ओळ.

exit 0

माझी नाही. वर घर जळो, छप्पर उडो, जाताना शून्य ठेवून जा, एवढंच ती सांगते. मग टिकली हिरवीच येणार, तिची काय चूक!

मि.भा.ना फोन केला. जे तोंडाला आलं ते मी बोलले. ते म्हणाले, "मला तुमची ती काळी खिडकी उघडता पण नाही येत! चोराच्या उलट्या बोंबा!" फोन आपटला. मीही आपटला असता, पण माझा नवा आहे.

मग फाइलची तारीख पाहिली. डिसेंबरातला एक रविवार. त्या दिवशी मि.भा. मंदसौरला लग्नावर. मी आईकडे ग्वाल्हेरला.

घरी कोण होतं, ते आज लिहीत नाही.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र

स्टुडिओची मेलेली डिस्क इंदूरला रिकव्हरीवाल्याकडे धाडायची होती. आज शक्यच नाही. महाकालची गर्दी, अर्धे रस्ते बंद.

हे साबुदाण्याची खिचडी खात होते. विचारलं, "अहो, डिसेंबरात लॅपटॉप उघडला होतात?"

"कुठला?"

"आपल्या घरात दुकान आहे का लॅपटॉपचं?"

खिचडीतले दाणे एकेक करून बाजूला काढले. मग म्हणाले, "लाल आलं होतं गं. तू ग्वाल्हेरला. मिलिंद फोनवर तुझ्याबद्दल नाही नाही ते बोलला. म्हटलं तू आलीस की परत सुरू. रोजची कटकट. तूच सांगितलं होतंस ना जेवताना, शून्य म्हणजे सगळं ठीक? नेटवर बघून लिहिलं."

मी बोलते तेव्हा हा माणूस पेपर वाचतो. गॅस बंद करा म्हटलं तर ऐकू येत नाही. दूध उतू गेलं तरी कळत नाही. आणि हे ऐकलं! नेमकं हेच, अगदी शब्दन् शब्द!

"घरात शांती राहावी म्हणून केलं."

माझं डोकं फिरलं. खिचडीचं पातेलं उचलून सिंकमध्ये टाकलं. उपवासाचं अन्न, पाप लागेल. लागू दे.

१७ फेब्रु., मंगळ.

पागेकाका-काकू आले. मि.भा. त्यांना घेऊनच आले, साक्षीदार आणल्यासारखे. बसायच्या आधीच सुरू. "काका, मी फोटो काढले, एकूण एक काढले. घोळ वहिनींच्या प्रोग्रामचा आहे."

काकू म्हणाल्या, "अण्णा अक्षता टाकायला खुर्चीतून उठले होते, ते तरी असेल ना गं?" अण्णा म्हणजे रेणूचे आजोबा. झटका आल्यापासून कुणी त्यांना उभं पाहिलं नव्हतं. सगळा मांडव रडत होता. मीही.

म्हटलं, "प्रयत्न चाललाय काकू." आणि यांच्याकडे पाहिलं. सरळ, सगळ्यांदेखत.

हे म्हणाले, "चहा घ्या ना. गार होतोय."

मी का नाही बोलले? आपलेच दात, आपलेच ओठ. मि.भा. जगात एका माणसाचं ऐकतात, दादाचं. दादा कधी खोटं बोलत नाही हे त्यांचं ठाम मत. मी बोलले तर म्हणतील, आता दादावर ढकलताय. आणि खरं पटलं तर त्याहून वाईट. दोघांचं बोलणं बंद, आणि ते माझ्यामुळे, असं धरलं जाणार.

पण मग मी काय, पायपुसणं?

१९ फेब्रु., गुरु.

डिस्क इंदूरला पोचली. रिकव्हरीवाला फोनवर, "मैडम, खोलनी पड़ेगी. कुछ बोल नहीं सकते." कुणीच काही बोलू शकत नाही. साथीचा रोग आहे.

स्टाफरूममध्ये कुलकर्णीबाई. "काय हो, तुमच्या कॉम्प्युटरने लग्न खाल्लं म्हणे?" टावर चौकात भाजी घेताना आणखी एक. उज्जैनमध्ये मराठी घरं मोजकी, त्यांना विषयही मोजकेच. सध्या मी. कॉम्प्युटरबाई म्हणून मिरवणारी, तोंडावर आपटलेली.

यांना सांगितलं. रविवारी भाऊजी पोह्यांना येतील, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने. "बघू," म्हणाले.

बघू म्हणे!

२२ फेब्रु., रवि.

मि.भा. आले. पोहे, शेव, वर जिलबी. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले, दार उघडं ठेवून. क्रिकेट झालं. गुडघेदुखी झाली. देवास गेटचं ट्रॅफिक झालं. शेवटी मि.भा.च म्हणाले, "दादा, काही बोलायचं होतं का? गप्प गप्प आहेस."

"नाही रे. काही नाही."

यांनी पाणी प्यायलं आणि ताट सरकवलं. एवढे शांत, की कुणालाही खरं वाटावं. मलाच इतकी वर्षं वाटत आलं. सासूबाईंच्या वेळी, बदलीच्या वेळी, स्वतःच्या बायपासच्या आदल्या दिवशीसुद्धा. काय झालं? काही नाही. मी त्यावर निर्धास्त झोपायची.

२४ फेब्रु., मंगळ.

इंदूरहून काही नाही.

स्टुडिओत नवा कॉम्प्युटर लागला. पहिला फोल्डर 'तिवारी 7:18'. टिंबं शाबूत. दोन टिंबांनी कुठे लग्न जातं, काहीही सांगतात वहिनी, असं मि.भा. म्हणाले म्हणे. म्हणू देत.

शाळेतून आले, चपला काढल्या, लॅपटॉप उघडला. ती शेवटची ओळ खोडली. यांच्यासमोर. यांनी विचारलं नाही काय करतेस. स्क्रिप्ट चालवली.

लाल. 23.

माझा फोन वाजला, यांचा टेबलावर थरथरला. मिनिटभरात मि.भा.चा फोन: "वहिनी, हे लाल कसलं? डिसेंबरपासून रोज हिरवं येत होतं. आजच कसं?" आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होते. नोव्हेंबरात लाल सुरू झाल्यापासून पहिल्यांदा नीट काही विचारलं त्यांनी.

म्हटलं, "थांबा भाऊजी. ज्यांना माहीत आहे त्यांनाच देते."

फोन यांच्या हातात दिला.

"मिलिंद, अरे..." म्हणाले. माझ्याकडे पाहिलं. मी मटार सोलायला घेतले. पलीकडून "दादा? बोल ना दादा" चाललेलं.

हे उठले, फोन घेऊन गॅलरीत गेले. दार ओढून घेतलं.

मटार संपले. अजून आत आले नाहीत. काचेतून पाठ दिसतेय, आवाज येत नाही.