लाबास, हमदुल्ला

२ मार्च

ट्यूनिसहून साहेब आले. डॉक्टर शाझली. बूट चकाचक, हातात छत्री — पाऊस नाही.

दवाखान्यातली पाय तपासायची खोली उघडायची की कायमची बंद करायची, ते हे ठरवणार. साथ आली तेव्हा खोलीला कुलूप लागलं आणि साखरेच्या पेशंटांची चौकशी फोनवर सुरू झाली. साथ गेली, कुलूप तसंच! आता हे गृहस्थ त्या फोनचं मूल्यमापन करणार. फोनवर पाय कसा बघतात ते आधी मला शिकवा म्हणावं.

आईसाठी दवाखान्याचा फोन दर सोमवारी येतो. अर्ध्या मिनिटात संपतो.

३ मार्च

नगरपालिकेच्या हॉलात सभा. पडद्यावर रंगीत गोल. शंभरातले चौऱ्याण्णव पेशंट ठणठणीत! टाळ्या. आमच्या गावाला टाळ्या वाजवायला काहीही चालतं.

मी उठले. विचारलं, फोनवर पहिला प्रश्न काय विचारता?

फोन करणारी राऊदा उभी राहिली. माझीच विद्यार्थिनी, भूगोलात दोनदा नापास. म्हणाली, "विचारतो ना, लाबास खालती? बरं आहे ना मावशी?"

"आणि मावशी काय म्हणते?"

"लाबास, हमदुल्ला. बरंय, देवाची कृपा."

"ते तू ठणठणीत म्हणून धरतेस?"

"मग काय धरू, बाई? त्याच म्हणतात बरंय."

सगळे हसले. कशाला हसले देव जाणे, स्वतःलाच हसत होते. या गावात माणूस गच्चीवरून पडला तरी उचलायला आलेल्याला आधी लाबास हमदुल्ला म्हणेल. पाय मोडलाय हे सांगेल दुसऱ्यांदा विचारल्यावर. कधीकधी तिसऱ्यांदा. आणि ही शहाणी पहिल्या लाबासवर फोन ठेवते!

शाझलींना बाकी समजलं, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, "मादाम मुंजिया, मुद्दा बिनतोड आहे. काही घरांना पुन्हा फोन करायला लावतो, तुमच्याही घरी. लोकांनी खरी तक्रार सांगितली तर खोली उघडायची शिफारस मी स्वतः करीन."

लोकांनी! म्हणजे झालंच.

५ मार्च

दारोदार फिरले. फोन आला की लाबास म्हणू नका, दुखतंय ते सांगा. एवढंच शिकवायचं होतं. गाढवाला नकाशा शिकवणं सोपं गेलं असतं.

बेकरीवाले मुन्सिफकाका म्हणाले, "सरकारी माणसापुढे रडगाणं गाऊ? मला उद्या बाजारात तोंड दाखवायचंय, पोरी." त्यांच्या पायाचं बोट काळं पडलंय. बोट काळं चालेल, अब्रूवर डाग नको! वर मला गरम पाव बांधून दिला आणि माझीच तब्येत विचारली.

मी म्हटलं लाबास. आता बेकरीत उभं राहून काय सांगणार?

६ मार्च

आज आईला धरून बसवलं.

"फोन आला तर काय सांगशील?"

"लाबास."

"आणि पाय?"

"पायाचं काय त्या पोरीला? तिची आई कोण, बाप कोण, माहीत नाही. देवाने दिलंय त्याची चुगली तिच्याकडे करू होय?"

मलाही दाखवत नाही. उन्हाळा-हिवाळा जाड मोजे, झोपतानाही. बघू म्हटलं की पाय पोटाशी घेते आणि हरीसाची चटणी संपली का विचारते.

दवाखान्यातली खोली चालू होती तेव्हा तिथली नर्स हयातबाई कोणाला काही विचारायचीच नाही. गुरुवारी सगळ्या बायांना बाकावर बसवायची, चपला बाहेर, मोजे मांडीवर. खाली वाकून बघायची, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. बाया गप्पा मारत असायच्या, ही आपली धूत, बांधत पुढे सरकायची. तिला दुसऱ्या गावाला बदलून पाठवलं. लसी मोजायला.

७ मार्च

आईच्या खोलीत वास येत होता. मी आईचा मोजा ओढूनच काढला.

८ मार्च

जिल्ह्याचं हॉस्पिटल. कोवळा डॉक्टर माझ्यावरच खेकसला, "इतके दिवस काय करत होता?" तुमच्या रंगीत गोलात बसलो होतो, म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं. पाऊल कापावं लागेल, म्हणाला.

तो सहीसाठी कागद घेऊन जवळ आला तशी आई हसली. "लाबास, बाळा, हमदुल्ला. तुझी आई कशी आहे?" तोही म्हणाला लाबास. वेड्यांचा बाजार आहे सगळा.

मला भीती वाटतेय. तिचा हात इतका गरम कधीच नव्हता.

९ मार्च

पाऊल गेलं. आई शुद्धीवर आली. पाणी मागितलं.

शाझलींच्या माणसांचे फोन सुरू झालेत. मुन्सिफकाकांना आला — अर्थातच लाबास. वरच्या आळीतल्या तिघींनाही आला, त्यांचंही तेच. एकाची तरी जीभ खरं बोलायला वळेल तर शपथ. ठीक आहे. मी आहे ना. माझा एक फोन पुरे आहे. मोजा, वास, कापलेलं पाऊल, हयातबाई, सगळं सांगणार आहे, क्रमाने, शिव्यांसकट. तीस वर्षं फळ्यापुढे बोललेली बाई आहे मी.

१० मार्च

राऊदाचा फोन आला, शाझलींच्या यादीतला. मी कॉरिडॉरमध्ये होते. आसपास कोणी नव्हतं.

"लाबास, बाई? आई बऱ्या आहेत?"

मी म्हणाले, "लाबास, हमदुल्ला."

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.