आत्याचे दात जबल अलीला जाऊन आले

अल कुसैस, दुबई
रविवार, सकाळचे अकरा

तीर्थरूप शोभनाआत्यास,

दोन्ही हात जोडून आणि मान जमेल तितकी खाली घालून सुजीतचा नमस्कार. मान इतकी खाली का, ते पुढे येईलच. पण तुझं ब्लडप्रेशर लक्षात घेऊन शेवट आधीच सांगून टाकतो. तुझे दात सुखरूप आहेत. या क्षणी ते माझ्यासमोर टेबलावर, डबीत आहेत आणि मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतोय. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? तू नुसत्या पेजेवर आणि मऊ भातावर दिवस काढते आहेस असं मुग्धाने कळवल्यापासून आम्हालाही घास गोड लागत नाही (लागतो, पण लागताना वाईट वाटतं). फोनवर बोटं मारून पाठवलेलं काही वाचणार नाही, हा तुझा हुकूम असल्यामुळे कागदावर लिहितोय आणि फोटो काढून मुग्धाच्या फोनवर पाठवतोय. मुग्धा, आजीला मोठ्याने वाचून दाखवताना कंसातलं गाळत जा.

लग्नघर आहे, चार माणसं मागून डोकावत असणार, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं मागचं. आत्या आमच्याकडे तीन आठवडे राहून गेली आणि ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला, अस्मिताला, न्हाणीघरातल्या ग्लासात तिची कवळी सापडली. नात मुग्धा हिचं लग्न पुढच्या रविवारी पनवेलला. आमच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत आत्याच्या मंगलाष्टकांशिवाय अक्षता पडलेल्या नाहीत; माझ्या लग्नात लाइट गेले तेव्हा माइकवाला रडकुंडीला आला होता, आत्याला मात्र माइक बंद झाल्याचं कळलंही नव्हतं. तर या आत्याने जाहीर केलं की दात आले तर म्हणेन, नाही आले तर तोंडाला पदर लावून मागच्या खुर्चीवर बसेन. नवीन कवळी करायलाही तयार नाही, कारण नवीन कवळी म्हणे आठवड्यात हिरड्यांना बसत नाही. त्यातून माझ्याशी तिने बोलणं टाकलेलं. मला लग्नाला रजा मिळत नाही असं मी म्हणालो होतो, त्याचा राग. म्हणजे मी येणार नाही तो नाहीच, आणि वर माझ्या न्हाणीघरामुळे लग्न मुकं होणार, असा दुहेरी ठपका माझ्या माथ्यावर होता. मला खरंच झोप लागत नव्हती, आत्या.

इथे एक रीत आहे, ती तू पाहिलीच आहेस. कुणी गावी निघालं की ओळखीतले सगळे त्याच्या घरी आपापली पुडकी घेऊन पोचतात. या वेळी निघाला होता सिरिल, आमचा वसईचा मित्र, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मरीनाला हॉटेलात कामाला आहे. तो शनिवारी रात्रीच्या विमानाने जाणार, वसईहून त्याचा भाऊ पनवेलला दात पोचवणार, सगळं ठरलं. सिरिलने अट एकच घातली: बॅग साडेसहाला बंद करणार, त्याआधी मरीनाला आणून दे. (आमच्या घरापासून विमानतळ दहा मिनिटांवर आहे. सिरिल तिथेच येणार होता. तिथेच का नाही दिले, हे अस्मिताने मला नंतर विचारलं. नंतर सगळ्यांनाच सुचतं.) गाडी मरीनाला नेली तर पार्किंग शोधण्यात सिरिल वसईला पोचेल, म्हणून मी मेट्रोने निघालो. इथे सोळा वर्षं झाली, पण मेट्रोत मी पाच-सहा वेळाच बसलोय. दात कापसात गुंडाळून एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवले, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर कापडी पिशवी.

मेट्रोचं काय सांगू. आत इतकं स्वच्छ की आपण घरून आंघोळ करून निघालो ना, असं एकदा आठवून बघावं लागतं. खायचं नाही, प्यायचं नाही, च्युइंगगम नाही; खिशात मूठभर शेंगदाणे होते, ते मी मरीनापर्यंत नुसते हाताने चाचपत बसणार होतो. बायकामुलांच्या डब्याला वेगळं दार-भिंत काही नाही, जमिनीवर फक्त एक गुलाबी पट्टा. पुरुषाने ओलांडला तर शंभर दिरहॅम दंड, म्हणजे तेवीसशे-चोवीसशे रुपये. त्यामुळे गर्दी झाली की पट्ट्याच्या अलीकडे पंधरा-वीस पुरुष बुटांची टोकं सांभाळत अंग चोरून उभे, आणि पलीकडे बायका ऐसपैस. तू असतीस तर पट्ट्यावर उभी राहून दोन्हीकडे गप्पा मारल्या असत्यास. बाकी कुणी कुणाशी बोलत नाही. फिलिपिनो नर्सेस, साइटवरून सुटलेले पठाण, लॅपटॉपवाले केरळी, सगळे आपापल्या फोनमध्ये. मी सवयीने शेजारच्या टायवाल्याला विचारलं की तुम्ही कुठे उतरणार. आपल्याकडे यात वावगं काही नाही, एसटीत अर्ध्या ओळखी अशाच होतात. त्याने माझ्याकडे पाहिलं, फोन उलटा धरला आणि पुढच्या स्टेशनला उतरून गेला. ते त्याचं स्टेशन होतं असं मला वाटत नाही.

युनियन स्टेशनला गाडी बदलायची होती. तिथे फलाटावर एक म्हाताऱ्या बाई भेटल्या, हव्वाबी नावाच्या, हैदराबादच्या, तुझ्याच वयाच्या, दोन हातांत तीन पिशव्या. "बेटा, ये मरीना जाती क्या?" म्हणाल्या. मी म्हटलं जाते, मीही तिकडेच निघालोय. तेवढ्यात गाडी आली, दारं उघडली आणि मला आत एक रिकामी सीट दिसली. आत्या, इथे माझ्यातला साताऱ्याचा एसटी स्टँड जागा झाला. म्हातारं माणूस बरोबर आहे, सीट एकच आहे, लोक आत शिरतायत, मग आपल्या माणसाने काय करावं? मी उडी मारून आत गेलो, हातातली पिशवी सीटवर टाकून जागा धरली आणि हव्वाबींच्या पिशव्या घ्यायला पुन्हा फलाटावर आलो. जागा धरल्यावर ती आपली झाली, ती आता कुठे जाते, ही आपली श्रद्धा. सीट कुठे गेली नाही. गाडी गेली.

म्हणजे दारं माझ्या नाकासमोर मिटली आणि काचेतून मला दिसलं की तुझे दात सीटवर एकटे, आरामात बसलेत आणि आजूबाजूचे लोक त्या पिशवीचा मान राखून उभेच राहिलेत. मी एसटीचा पत्रा बडवतात तशी काच बडवली, "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडलो. पण या गाडीला ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, ओरडायचं कुणावर? मला तिथल्या तिथे मंगलकार्यालयातली मागची खुर्ची दिसली, तोंडाला पदर लावलेली तू दिसलीस, आणि तुझा राग आता कधीच जाणार नाही असं वाटलं. काच बडवल्याबद्दल एक नेपाळी गार्ड मला समज द्यायला आला, तो माझा चेहरा बघून मला पाणी द्यायच्या बेतात होता, मग त्याला नियम आठवला.

त्याने आम्हाला स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीपाशी नेलं. (हव्वाबी सोबत आल्या. आपल्यामुळे झालं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.) खिडकीत एमान नावाची एक मुलगी होती, अतिशय शांत. काय हरवलं, विचारलं. मी म्हटलं दात. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत दात कशात घालायचे यावर तिचा अभ्यास सुरू झाला: दागिने, कागदपत्रं, इलेक्ट्रॉनिक्स. वरचे की खालचे? रंग? काही खास खूण? हव्वाबी पुढे सरसावल्या आणि स्वतःची कवळी तोंडात निम्मी बाहेर काढून "ऐसे, ऐसे" करून दाखवू लागल्या. एमानने मान खाली घालून बराच वेळ टाइप केलं. आणि मग तो प्रश्न आला: वस्तू तुमचीच आहे कशावरून? आत्या, मी इन्शुरन्समध्ये आहे. हाच प्रश्न मी सोळा वर्षं हवालदिल माणसांना विचारतोय आणि त्यांच्याकडे उत्तर नसलं की मनातल्या मनात हसतोय. काल पाळी माझी होती. दातांची पावती नाही, फोटो नाही, आणि ते माझ्या तोंडात बसतही नाहीत.

वीस-पंचवीस मिनिटांनी मरीनाच्याही पुढच्या जबल अली स्टेशनवरून फोन आला. एक कापडी पिशवी मिळाली आहे, आत स्टीलची डबी, चिकटपट्टीने बंद, हलवली की खुळखुळते. डबीवर काहीतरी कोरलंय, पण ते ना अरबी, ना इंग्लिश. एमानने मला विचारलं, काय कोरलंय सांगा. ती डबी पस्तीस वर्षं माझ्याकडे आहे, आता तिच्यात लवंग-वेलदोडे असतात, रोज हाताळतो, पण तिच्यावर काय लिहिलंय हे कधी वाचलं असेल तर शपथ. आपल्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव असतंच, ते वाचतं कोण? शेवटी आमच्या गार्डला सुचलं की तिकडे त्याचा गाववाला ड्युटीवर आहे, आणि नेपाळी लिपी हीच. त्याला बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला. आणि तो जबल अलीतला नेपाळी पोरगा एकेक अक्षर लावत वाचू लागला: चि. सुजीत यास मुंजीप्रीत्यर्थ सप्रेम भेट, आत्याकडून.

एमानने माझा ओळखपत्रावरचा फोटो बघितला, नाव बघितलं आणि म्हणाली, "सुजीत? खलास, इट्स युवर्स." इथे खलास म्हणजे झालं, मिटलं. हव्वाबींनी कानशिलांवर बोटं मोडली. आणि मी तिथे, सगळ्यांदेखत, रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. बारशाला माझ्या कानात कुर्र करून तू हे नाव सांगितलंस, मुंजीत ते भांडीवाल्याच्या डोक्यावर उभं राहून कोरून घेतलंस. "अक्षर वाकडं आलंय, पुन्हा कर," म्हणून त्याला छळलंस आणि बाबा तुला हसत होते, हे मला एकदम आठवलं. त्या सरळ अक्षरांनी काल तुझे दात सोडवले. हॉस्टेलवर मुलं चिडवतात म्हणून ही डबी मी ट्रंकेच्या तळाशी लपवायचो, तेही आठवलं.

मग हव्वाबींना मरीनाला उतरवून दिलं (त्या दोघांसाठी दुआ करणार आहेत, माझ्यासाठी आणि दातांसाठी), स्वतः जबल अलीला गेलो, सही केली आणि डबी घेतली. परतीच्या गाडीत अर्धा डबा रिकामा होता, पण मी डबी छातीशी धरून उभाच राहिलो. डोक्यावरून ओझं उतरलं की माणसाला जी गुंगी येते ती आली होती, आणि मेट्रोत झोपायलाही मनाई आहे म्हणतात, तेव्हा उभं राहणंच बरं. घरी आल्यावर अस्मिताने डबीला हळदकुंकू लावलं. आमच्या सुयशला सगळी हकिगत सांगितली, तर त्याने फोनमधून मान वर न काढता "सो द टीथ ट्रॅव्हल्ड फ्री?" एवढंच विचारलं. आजकालची मुलं.

असो. दात सुखरूप आहेत, जीव भांड्यात पडलाय आणि भांडं समोर आहे. गुडघ्याला शेक घे, गोळ्या चुकवू नकोस. सर्व थोरांना नमस्कार, नवरीला आशीर्वाद.

तुझा,
सुजीत

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. मी जबल अलीहून मरीनाला पोचेपर्यंत साडेआठ झाले होते आणि सिरिल टॅक्सीत बसून विमानतळावर गेला होता. "अरे, किती थांबायचं रे, मॅन," म्हणाला. म्हणजे दात इथेच आहेत हे मी सुरुवातीला लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. लग्नाआधी गावी जाणारं दुसरं कुणी नाही. अस्मिता म्हणाली, मग आता तूच जा. आमच्या साहेबाला, नीरवला, रात्रीच मेसेज केला. रजेचं कारण 'दातांची तातडी' असं लिहिलं, त्यात खोटं एक अक्षर नाही. त्याने पाच मिनिटांत होकार दिला आणि काळजी घ्या म्हणाला. गुरुवारी सकाळी पोचतोय. गादी खिडकीजवळ घाल.

ता. क. दोन. मुग्धा, मगाशी कंस गाळ म्हणालो होतो, आता हे मात्र आजीला एकटीला, दार लावून, अगदी सावकाश वाचून दाखव. आत्या, आज सकाळी सुयश तुला निरोप देतानाचे विमानतळावरचे फोटो बघत होता. एका फोटोत तू सिक्युरिटीच्या रांगेत उभी आहेस आणि अस्मिताने दिलेली शेंगदाण्याची चिक्की, तीही जाड, कडाकड चावते आहेस. फोटोत ओळीने दात दिसतायत. कवळी तर तेव्हा आमच्या न्हाणीघरात होती. सुयशने फोटो मोठा करून मला विचारलं, "बाबा, देन व्हॉट इज शी बाइटिंग विथ?"

मी त्याला तो फोटो कुणाला दाखवू नकोस म्हणून सांगितलंय. तुझ्याकडे उत्तर मागत नाही. नुसतं "ये" म्हणाली असतीस तर मी आलो नसतो, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. येताना त्याच दुकानातली चिक्की आणतोय. ती कुठल्या दातांनी खायची ते तू ठरव, फक्त मंगलाष्टकं होईपर्यंत पेजेवरच राहा, नाहीतर घरातल्यांना कळेल.